बडोदे कॉलेज आणि त्याच्या भोवतीचे गाव

महोत्सवी अंकात संस्थेचे कार्यवृत्त, देणगीदारांची यादी आणि दिवंगत विश्वस्तांची छायाचित्रे असावयाची, हे ठीकच. पण त्यात एका कॉलेजावर लेख कशासाठी, असे कित्येक सभासदांस वाटेल. आपली कुटुंबे बडोद्यास कशी आली याचा माग काढीत गेले, की सरदार-शिलेदारांची थोडी घराणी सोडल्यास बहुतेक ठिकाणी एक मुलगाच भेटतो. तो कोकणातून, खानदेशातून किंवा देशावरून ट्रंक आणि वळकटी घेऊन बडोद्याच्या स्टेशनावर उतरलेला असतो व त्याच्या खिशात कोणाच्या तरी नावाची चिठ्ठी असते. तो शिकतो, गायकवाड सरकारच्या नोकरीस लागतो, दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात बिऱ्हाड करतो. आपण त्याची नातवंडे-पतवंडे. तेव्हा हा लेख कॉलेजावर असला तरी थोडासा आपल्यावरही आहे, असे समजून वाचावा.

आज जिला सारे विद्यापीठाची कला शाखा म्हणतात ती घुमटाची इमारत म्हणजेच जुने बडोदे कॉलेज. जुनी माणसे अजून नुसते ‘कॉलेज’ म्हणतात, आणि दुसरे कोणते कॉलेज असू शकेल असे त्यांच्या मनातही येत नाही. तिची जागा कोठे आहे हे नीट पाहिले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. जुने बडोदे हे चार दरवाजांच्या आतले गाव: लहेरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी हे ते दरवाजे, आणि मध्यभागी मांडवी. लहेरीपुऱ्याबाहेर पश्चिमेकडे सुरसागर, दांडिया बाजार, रावपुरा अशी वस्ती वाढत गेली. मग विश्वामित्री नदी लागते. नदीपलीकडे, पूल ओलांडून स्टेशनाकडे जाताना, त्या काळी मोकळे रान होते. तेथे कॉलेज बांधले. मुंबई-अहमदाबाद रेल्वे बडोद्याहून गेलेली होती आणि तिचे स्टेशन गावाच्या मानाने बरेच दूर, नदीच्या अलीकडच्या नव्हे तर पलीकडच्या अंगाला पडले. कॉलेज त्या दोहोंच्या मध्ये उभे राहिले. बाहेरगावच्या मुलास गाडीतून उतरल्यावर पहिले दर्शन घुमटाचे होई. मग पूल, मग गाव. गावातल्या मुलास मात्र मांडवीहून दीड-दोन मैल पायपीट करून, नदी ओलांडून, ज्ञानाकडे जावे लागे. पावसाळ्यात विश्वामित्रीस पूर आला म्हणजे ही दोन अंगे एकमेकांपासून तुटत. ती अजूनही तुटतात, हे १९२७ च्या महापुराच्या गोष्टी ऐकलेल्यांस आणि ऑगस्ट २०२४ मध्ये घराच्या गच्चीवर दिवस काढलेल्यांस सांगावयास नको. विश्वामित्रीतल्या सुसरी-मगरींचे तर बोलूच नये. परगावच्या पाहुण्यास ती थाप वाटते आणि बडोदेकरास त्यात काही विशेष वाटत नाही.

कॉलेज सयाजीराव महाराजांनी काढले असे आपण सर्रास म्हणतो. भावनेच्या दृष्टीने ते खरे आहे. तारखांच्या दृष्टीने थोडी दुरुस्ती हवी. मल्हारराव गायकवाडांस १८७५ साली पदच्युत केल्यावर नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला गेला आणि सयाजीराव म्हणून गादीवर बसला. राज्यकारभार मात्र दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता. कॉलेजच्या इमारतीचा पाया १८७९ च्या जानेवारीत घातला गेला तेव्हा महाराजांस सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. कॉलेज सुरू झाले १८८१ साली आणि महाराजांस कारभाराचे संपूर्ण अधिकार मिळाले त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबरला. म्हणजे हे रोप माधवरावांच्या हातचे. महाराजांनी त्यास साठ वर्षांच्या आसपास पाणी घातले.

हे माधवराव कोण, हे आपल्या लोकांनी विसरू नये. ते तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यातले, जन्म कुंभकोणमचा, शिक्षण मद्रासचे. त्रावणकोरची दिवाणगिरी त्यांनी गाजविली, मग इंदूरास होळकरांची, आणि तेथून ते बडोद्यास आले. मूळ महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर राहून दोन-अडीच शतके ज्यांनी घरात मराठी राखली अशा समाजातला हा पुरुष. बाहेर राहून मराठी कशी टिकवावी याच्या चर्चा आपण करतो तेव्हा तंजावरचे उदाहरण सहसा कोणास आठवत नाही. आमच्या मते ते पहिल्याने आठवावे.

इमारतीचा नकाशा काढणारा रॉबर्ट फेलोज चिझम हाही मद्रासकडचाच. मद्रास सरकारचा तो वास्तुशास्त्रज्ञ होता आणि तेथील विद्यापीठाचे सेनेट हाऊस त्याचेच. पुढे बडोद्याचे न्यायमंदिरही त्याने बांधले, आणि मेजर मँट १८८१ साली वारल्यावर लक्ष्मीविलास राजवाडा पुरा करण्याचे कामही त्याच्याकडे आले. कॉलेजसाठी त्याने घुमट निवडला तो केवळ शोभेसाठी नव्हे. विजापूरच्या गोलघुमटाने त्याच्यावर जादू केली होती. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवावयाचा म्हणजे चार कोपऱ्यांचे करावयाचे काय, हा जुना पेच आहे. विजापूरच्या कारागिरांनी तो असा सोडविला की, भिंतींतून निघणाऱ्या आठ कमानी एकमेकींस छेदीत वर जातात आणि त्या छेदांतून चौकोनाचा आपोआप एक वर्तुळाकार कठडा तयार होतो. घुमट त्या कठड्यावर बसतो. घुमटाचा जोर नेहमी बाहेर ढकलण्याचा असतो, आणि आत झुकलेल्या कमानींचे ओझे त्या जोरास मागे ओढून धरते. १६५६ साली पुऱ्या झालेल्या इमारतीतील ही युक्ती युरोपातील जाणकारांस सुद्धा नवलाची होती. चिझमने ती अभ्यासली आणि १८८३ च्या सुमारास लंडनच्या वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे बडोद्याच्या या नव्या कॉलेजविषयी व हिंदुस्थानातील घुमटांच्या बांधणीविषयी निबंधही वाचला. गोलघुमटाखालोखाल देशात आमचाच घुमट, असे बडोदेकर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. टेप लावून मोजण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. पण विजापूरचा घुमट एका सुलतानाच्या थडग्यावर आहे आणि बडोद्याचा मुलांच्या वर्गांवर, एवढा फरक नोंदवून ठेवतो.

आता ‘गाव’ हा शब्द आम्ही मथळ्यात घातला, त्याविषयी. आजच्या बडोद्याची वस्ती २०११ च्या खानेसुमारीत सोळा लाखांवर गेलेली. त्यामुळे त्या वेळचे बडोदे केवढे होते याची कल्पना मुलांस येत नाही. कॉलेज निघाले तेव्हा छावणी धरून वस्ती लाखाच्या थोडी वर होती. पुढे ती वाढावयाची ती घटली. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्यास गुजराती शेजारी अजून ‘छप्पनियो’ म्हणतात, आणि त्याच्या आगेमागे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला प्लेग यांनी गाव खचले. १९११ च्या मोजणीत बडोद्याची लोकसंख्या ९९,३४५ भरली, म्हणजे लाखाच्या आत. आणि नेमक्या याच खचत्या काळात बडोद्यात काय काय चालले होते ते पाहावे: १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, १९०८ साली बँक ऑफ बडोदा, १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांच्या हाताखाली गावोगाव ग्रंथालये. माणसे कमी होत होती आणि शाळा वाढत होत्या. अशा लहान गावात कॉलेजचा प्राध्यापक हा रस्त्यावर ओळखला जाणारा मनुष्य असे. तो भाजी कोठे घेतो, कोणाच्या वाड्यात राहतो, संध्याकाळी सुरसागरावर कोणाबरोबर बसतो, हे सर्वांस ठाऊक.

प्राध्यापकांत सर्वांत मोठे नाव अर्थातच अरविंद घोष यांचे. १८९३ साली विलायतेहून परत येऊन ते बडोदे सरकारच्या नोकरीस लागले ते दरमहा २०० रुपयांवर, आणि तेही कॉलेजात नव्हे. आधी सर्व्हे-सेटलमेंट, मग महसूल, मग सचिवालय, अशी खात्याखात्यांतून त्यांची उमेदवारी झाली. कॉलेजात ते प्रथम फ्रेंच शिकवू लागले, नंतर इंग्रजी, पुढे व्हाइस-प्रिन्सिपॉल झाले आणि काही काळ प्रिन्सिपॉलचे कामही त्यांनी पाहिले. १९०६ साली ते बंगालकडे गेले. तेरा वर्षे हा मनुष्य बडोद्यात होता. ज्यास बंगालीसुद्धा नीट येत नव्हती त्याने येथे राहून संस्कृत, बंगाली, गुजराती आणि मराठी या भाषा आत्मसात केल्या. त्यांचे येथले अगदी जवळचे स्नेही मराठी: खासेराव जाधव, ज्यांच्या दांडिया बाजारातील घरी ते बरीच वर्षे राहिले, खासेरावांचे बंधू माधवराव, आणि केंब्रिजपासूनचे मित्र केशवराव देशपांडे, ज्यांच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये काँग्रेसच्या मवाळपणावर झोड उठविणारी त्यांची लेखमाला १८९३-९४ साली आली. हे देशपांडेही नंतर बडोदे सरकारच्या नोकरीत आले आणि त्यांच्या गंगनाथ विद्यालयात काका कालेलकरांनी शिकविले. सुरतेची काँग्रेस १९०७ च्या डिसेंबरात उधळल्यावर अरविंदबाबू बडोद्यास आले तेव्हा कॉलेजच्या मुलांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढीत नेली, अशी हकीकत चरित्रांत आहे. त्याच मुक्कामात सरदार मजुमदारांच्या वाड्यातील एका खोलीत विष्णु भास्कर लेले यांच्याबरोबर ते तीन दिवस ध्यानास बसले. क्रांतीचे आणि योगाचे दोन्ही धागे असे आपल्या गल्लीबोळांतून गेलेले आहेत, आणि आपली मुले तेथे दुचाकी लावून चहा पितात. प्यावा, पण भिंत कसली आहे ते ठाऊक असावे.

चिंतामण विनायक जोशी कॉलेजात पाली शिकवीत. पालीचा व्यासंगी पंडित आणि चिमणराव-गुंड्याभाऊंचा जनक एकच, यावर परगावचे लोक विश्वास ठेवावयास तयार नसतात. आम्हांस त्यात नवल वाटत नाही. ज्याने बडोद्यातला मराठी कारकून, त्याची बढती, त्याचे साहेबाच्या दारी हेलपाटे आणि चाळीतले भांडण वीस-पंचवीस वर्षे जवळून पाहिले त्यास विनोदाचे भांडवल बाहेरून आणावे लागत नाही. रियासतकार सरदेसाई कॉलेजचे नव्हते, महाराजांच्या खाजगीतले होते. पण मराठ्यांच्या इतिहासाचा तो डोंगर त्यांनी उपसावयास घेतला तो याच गावी राहून.

रसायनाचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याविषयी मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, ही खंत आहे. नुसत्या बी. ए. झालेल्या मुलांनी देशाचे पोट भरणार नाही हे त्यांनी ओळखले आणि १८९० साली महाराजांच्या पाठबळाने कलाभवन उभे राहिले. विणकाम, रंगकाम, सुतारकी, यंत्रकाम, चित्रकला, छायाचित्रण असे विषय तेथे शिकवीत. धुंडिराज गोविंद फाळके तेथे शिकले. हिंदी चित्रपटाची मुळे शोधणाऱ्यांनी मुंबईच्या आधी राजवाड्याजवळच्या या इमारतीत डोकवावे. कॉलेजच्या मुलाने कलाभवनच्या मुलाकडे जरा वरून पाहावे, ही रीत मात्र पहिल्यापासून होती आणि आमच्या समाजात ती अधिक होती. कचेरीची खुर्ची आणि हाताला लागणारा रंग यांत आपण नेहमी खुर्ची निवडली. त्याची किंमत पुढे चुकवावी लागली, ते खाली येईलच.

बाहेरगावची ही सारी मुले जेवत कोठे? कॉलेजच्या इतिहासात हा प्रश्न कोणी लिहीत नाही, पण ज्याच्या घरी भाकरीची भ्रांत त्याचे शिक्षण याच एका गोष्टीवर अवलंबून असे. खानावळीचे पैसे थोड्यांस परवडत. बाकीचे वार लावून जेवत: सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे सात वार सात घरी. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाणी पिऊन निजावे. कोणी एखाद्या घरी राहून पाणी भरणे, बाजारहाट, धाकट्यांचा अभ्यास घेणे असली कामे करी आणि दोन वेळ जेवी. गावाने कॉलेजला दिलेली ही देणगी कोणत्याही पाटीवर कोरलेली नाही.

विनोबा भाव्यांच्या घरची गोष्ट प्रसिद्ध आहे, तरी येथे ती सांगितलीच पाहिजे, कारण ती बडोद्याची आहे. वडील नरहरपंत रंगकामातले जाणकार, नोकरीनिमित्त बडोद्यास राहिलेले. घरी नेहमी एखादा गरीब विद्यार्थी असे. आई रुक्मिणीबाई शिळे उरले तर स्वतः खात. फार उरले तर विनोबांच्या ताटात वाढीत. पण त्या परक्या मुलास नेहमी ताजे आणि गरम. विनोबांनी एकदा आईस टोकले, की भेदभाव करू नये असे तू सांगतेस आणि स्वतः भेद करतेस. त्यावर त्या माउलीने मोकळेपणाने कबूल केले, की होय, करते. तुला मी मुलगा म्हणून पाहते आणि त्याला देव म्हणून, तुझ्यातही देव दिसू लागेल त्या दिवशी हा भेद राहणार नाही. विनोबा १९१३ साली मॅट्रिक होऊन याच कॉलेजात गेले. त्यांचे मन वर्गापेक्षा ग्रंथालयात अधिक रमे. पुढे त्यांनी आपली प्रशस्तिपत्रके आईच्या चुलीत घातली, आणि मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले ते वाटेत सुरतेस उतरून काशीस गेले. कॉलेजच्या दृष्टीने नापासही न झालेला असा हा विद्यार्थी.

हे सारे गोड आहे. पण वार कोणास मिळे? ताट कोणासाठी मांडले जाई? या प्रश्नाशी थांबल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. महाराजांनी १८८२ च्या सुमारासच अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मोफत शाळा काढल्या. त्यांवर हिंदू शिक्षक जाईनात, म्हणून मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. सरकार दार उघडी आणि गाव ते लोटून घेई. भीमराव आंबेडकरांस मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची मदत होती. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करार असा, की परत येऊन दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी. करार पाळण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास आले. त्यांस महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी नेमले गेले आणि पुढे अर्थखाते द्यावे असा महाराजांचा मानस होता.

एवढा विद्वान, एवढ्या हुद्द्याचा अधिकारी, आणि त्यास या आपल्या गावात राहावयास खोली मिळेना. हिंदूंच्या खानावळी बंद. एका पारशी मुसाफरखान्यात पारशी नाव सांगून ते राहिले; अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही घरच्या अडचणी सांगितल्या. रात्रीच्या मुंबईच्या गाडीस वेळ होता. तो त्यांनी कमाठीबागेत बसून काढला. कचेरीत शिपाई कागद हातात न देता मेजावर टाकीत, तेही त्याच अकरा दिवसांत. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. कॉलेजच्या घुमटापासून ती पायी थोड्या मिनिटांच्या अंतरावर आहे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथल्या शेकडो मराठी वाड्यांत त्या दिवशी एकही खोली रिकामी नसेल असे कोण म्हणेल? ‘राजाने दिले पण प्रजेने नेले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ती प्रजा म्हणजे आपलेच आजे-पणजे होते.

भाषेचाही विचार थोडा करावयास हवा. राजघराणे मराठी, प्रजा गुजराती, कॉलेजात शिकविणे इंग्रजीत आणि परीक्षा मुंबई विद्यापीठाची, असा हा चौरंगी मामला होता. महाराजांनी राज्यव्यवहाराची भाषा गुजराती ठेवली. मराठीचे कौतुक केले ते ग्रंथमाला, राजकवी आणि संमेलने या मार्गांनी. मराठी साहित्य संमेलन बडोद्यास १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरले, आणि मग एकदम २०१८ साली. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘सयाजी शासन शब्द कल्पतरु’ आठ भाषांतील राज्यकारभाराचे शब्द शेजारी शेजारी मांडतो. त्यावरून महाराजांचे धोरण दिसते, की एकीस चढवावयाचे तर दुसरीस पाडून नव्हे. आपल्या मंडळींस हे नेहमी रुचले असे नाही. राजा आपला, म्हणून नोकरी आपली, या समजुतीत पुष्कळांचे आयुष्य गेले.

ती समजूत १ मे १९४९ रोजी संपली. त्या दिवशी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिल १९४९ रोजी, महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले. ही तारीख आमच्या तरुण सभासदांनी ध्यानात ठेवावी. आजोबांची विद्यापीठाची इच्छा प्रतापसिंहराव महाराजांच्या काळात फळास आली आणि ती अगदी शेवटच्या दिवशी. बडोदे कॉलेज, कलाभवन, संगीतशाळा, प्राच्यविद्यामंदिर ही सर्व एका छत्राखाली आली. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. त्या याच कॉलेजच्या पदवीधर, आणि त्यांचे वडील सर मनुभाई दिवाण होण्यापूर्वी येथेच तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान शिकवीत. मुले-मुली एकत्र शिकतात अशा हिंदी विद्यापीठाची स्त्री कुलगुरू होण्याचा मान प्रथम त्यांस मिळाला. प्राच्यविद्यामंदिराने १९५१ पासून वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि १९७५ साली सातवे कांड पुरे केले. ललितकला शाखेस इंदूरचे ना. श्री. बेंद्रे लाभले. संस्थान गेले, पण संस्थानाने शिक्षणावर केलेला खर्च नव्या मालकाच्या खतावणीत विरून गेला नाही, तो एका स्वतंत्र संस्थेच्या नावे राहिला. आमच्या समजुतीने विलीनीकरणाच्या धामधुमीत झालेले हे सर्वांत शहाणपणाचे काम होय.

आपल्या समाजाचे काय झाले? वरिष्ठ न्यायालय गेले, सचिवालय गेले, गायकवाडी रेल्वे मोठ्या रेल्वेत मिसळली. कित्येक घरे मुंबई-पुण्याकडे परतली. राहिली त्यांपैकी पुष्कळांस या विद्यापीठाने, बँकेने आणि रेल्वेने धरून ठेवले. १९६० साली गुजरात वेगळे राज्य झाले तेव्हा पुन्हा एकदा चलबिचल झाली. मग १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आला, खतांचा कारखाना आला, आणि हाताला काळे लागणाऱ्या कामाची किंमत आपणांस कळली. कलाभवनकडे वरून पाहणाऱ्यांची नातवंडे आता अभियांत्रिकी शाखेच्या प्रवेशासाठी रात्री जागवितात. गज्जरांस हे पाहून बरे वाटले असते.

बाहेरगावचा मुलगा मात्र अजून येतोच आहे. वळकटीच्या जागी चाकांची बॅग आली, चिठ्ठीच्या जागी मोबाइल. प्रतापगंजमधील विद्यापीठाच्या वसतिगृहात नंबर न लागलेली मुले दरवर्षी जून-जुलैत आमच्या वसतिगृहाच्या दाराशी येतात. ते वसतिगृह वाराच्या पद्धतीतूनच निघाले: सात घरांनी सात वार देण्यापेक्षा एके ठिकाणी स्वयंपाक करावा, एवढाच मूळ हिशेब. सुरुवातीच्या छापील अर्जांत ‘पोटजात’ असा रकाना होता. तो पुढे काढला. घटनेतील ‘गरजू मराठी विद्यार्थी’ हे शब्द मात्र तसेच आहेत. गेल्या काही वर्षांत अर्ज येतात ते डांग, व्यारा, छोटा उदेपूरकडून अधिक. ती मुले घरी भिल्ली, कोकणी किंवा डांगी बोलतात, शाळेत गुजराती शिकलेली असतात, आणि गरजू आहेत यात शंका नसते. आमच्यापैकी काहींचे म्हणणे, की देणग्या मराठी मुलांसाठी आल्या, त्या दुसरीकडे वळविणे हा देणगीदारांचा विश्वासघात होईल. आणि मराठी मुलांस एवढे एकच दार उरले आहे. हे म्हणणे उडवून देण्यासारखे नाही. दुसरे म्हणतात, की चालू वर्षी खोल्या रिकाम्या असताना मुलास परत पाठविणे आपणांस शोभत नाही. संपादक मंडळातही या बाबतीत दोन मते आहेत. बहुमत दुसऱ्या बाजूस आहे, आणि हा लेख लिहिणारेही त्याच बाजूस आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही.

‘मराठी’ हा शब्द काढावा, की तो ठेवून ‘त्यांस प्राधान्य देऊन जागा उरल्यास अन्य’ असे जोडावे, असे दोन मसुदे कायदेशीर सल्ल्यासह तयार आहेत. दोन्ही वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येतील. सभेची नोटीस या अंकाबरोबरच सभासदांस पाठविली आहे.